ऊस कुठल्या कपाटात असतो?

"मॅडम, मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल आहे. आमच्याकडे एम.ए., एम.कॉम.चे वर्ग आहेत. दर ऑगस्टला नव्या मुलांना हॉलमध्ये बसवून मी तासभर 'ग्रंथालय परिचय' देतो. साठ स्लाइड्स आहेत, वर्षाला चार वाढतात. मुलं मागच्या दारानं सटकतात. मग प्रकल्पाची वेळ आली की तीच मुलं काउंटरवर येऊन म्हणतात, 'सर, पुरावर पुस्तक हाय का?' मागच्या सत्रात एका मुलीनं बारा पुस्तकांची यादी आणली. आमच्याकडे त्यातलं एकच निघालं. ती तक्रार घेऊन थेट प्राचार्यांकडे गेली, की ग्रंथालयात काहीच मिळत नाही. नंतर कळलं, यादी तिनं मोबाइलवरच्या चॅटबॉटकडून घेतली होती आणि त्यातली नऊ पुस्तकं कुणी कधी लिहिलीच नव्हती. आता प्राचार्य म्हणतात, संशोधनासाठी ग्रंथालय कसं वापरायचं हे तुम्हीच शिकवा, चार तास देतो. विभागप्रमुख म्हणतात, तुम्ही पुस्तकं द्या, शिकवायचं आम्ही बघतो. मी नक्की काय शिकवू? आणि खरं सांगा, हे शिकवणं माझं काम आहे का?"
– एक सहायक ग्रंथपाल, कोल्हापूर

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त बोचरा आहे, म्हणून तो शेवटीच घेते. आधी त्या साठ स्लाइड्स.

मीही हे पाप केलंय. नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती. प्रोजेक्टरवर पारदर्शिका टाकून मी वर्गीकरण, तालिका म्हणजे पुस्तकांची सूची, संदर्भग्रंथांचे प्रकार असं सगळं पाऊण तास समजावून सांगितलं. "काही शंका?" असं विचारल्यावर पहिल्या रांगेतला एक मुलगा अगदी आदरानं उठला आणि म्हणाला, "मॅडम, प्यायचं पाणी कुठं हाय?" हॉल हसला. मला राग आला. घरी जाताना लक्षात आलं, की त्या तासात त्या पोराला ग्रंथालयाकडून खरोखर हवी असलेली एवढी एकच गोष्ट होती.

ऑगस्टमध्ये मुलांकडे प्रश्नच नसतो. कॅरोल कुलथाऊ या अमेरिकन संशोधिकेनं 1980 च्या दशकात विद्यार्थ्यांचा शोध कसा चालतो ते बारकाईनं पाहिलं. विषय ठरला की मूल खूश असतं. मग वाचायला लागतं आणि गोंधळ, शंका, "मलाच कळत नाहीये" ही भावना वाढत जाते. नेमका प्रश्न हाती लागला की धीर परत येतो. आपण शिकवायला जातो तेव्हा एकतर विषयच ठरलेला नसतो, नाहीतर प्रकल्प बांधायला गेलेला असतो. मधला गोंधळाचा आठवडा आपला. तुमचे चार तास एका दिवशी उरकू नका. विषय ठरल्यानंतरच्या चार आठवड्यांत एकेक घ्या, पंधरा-वीस मुलांच्या गटानं, आणि हॉलमध्ये नको, कपाटांच्या मधे उभं राहून.

पहिला तास त्या "पुरावर पुस्तक हाय का"साठी ठेवा. हे वाक्य ऐकलं की आपल्याला वैताग येतो, पण सगळं शिकवणं याच वाक्यापासून सुरू होतं. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी शिरोळ तालुक्यातला एक मुलगा हेच विचारत आला होता. मी विचारलं, कुठला पूर? 2005 चा की 2019 चा? म्हणाला, कुठलाबी. मी म्हटलं, नदीबद्दल हवंय, माणसांबद्दल की पिकाबद्दल? गप्प. मग सहज विचारलं, तुझ्या घरात पाणी आलं होतं का? आणि पोरगा सुटला. आजोबा म्हणतात, पूर्वी पाणी यायचं आणि दोन दिवसांत उतरायचं, आता बसून राहतं, ते का?

हा काय सुरेख प्रश्न आहे! पण तो अभ्यासात चालतो असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अभ्यासाचा प्रश्न म्हणजे 'महापूर : कारणे व उपाय' अशीच त्याची समजूत. आजोबांचा प्रश्न धरला तेव्हा शोधायच्या जागा आपोआप दिसायला लागल्या. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज नोंदली जाते. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका हे कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगेल, पण त्या नोंदी वर्षानुवर्षांच्या असतात आणि त्यावरून पाणी किती दिवस बसलं ते मोजता येतं, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. वर्तमानपत्रांचे बांधीव अंक काढले. 2019 च्या पुराची कारणं तपासायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल 2020 मध्ये आला, तोही नंतर त्यानं वाचला. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर घरी, पारावर आणि पेपरात जे भांडण चालतं, त्यात कोण कशाच्या आधारावर बोलतंय हे पाहायला शिकला. आणि 1886 चं जुनं इंग्रजी गॅझेटिअर व 1960 चं सुधारित जिल्हा गॅझेटिअर उघडून, त्या काळी नद्यांबद्दल काय लिहिलंय तेही बघून आला. 'पूर' नावाचं पुस्तक आम्ही त्याला दिलंच नाही.

तुमच्या पहिल्या तासात पुस्तकाला हात लावू देऊ नका. जोड्या करा. एकानं विषय सांगायचा, दुसऱ्यानं फक्त विचारत राहायचं : कुठलं गाव, कुठलं वर्ष, कुणाचं नुकसान, तुला हे का वाटलं. काउंटरवर आपण जे करतो तेच त्यांनी एकमेकांना करायचं. तासाच्या शेवटी प्रत्येकाकडे प्रश्नचिन्हानं संपणारं एक वाक्य असलं पाहिजे. नसेल तर त्याला दुसऱ्या तासाला घेऊ नका. कडक वाटेल, पण कपाटासमोर रिकाम्या हातानं उभं राहणं त्याहून वाईट.

दुसऱ्या तासाला त्यांना उसाची पुस्तकं आणायला पाठवा. एवढंच सांगायचं, आणखी काही नाही. शेतकऱ्यांची पोरं आहेत, ऊस त्यांना मी आणि तुम्ही काय शिकवणार. सगळे शेतीच्या कपाटाकडे धावतील. पुस्तकांना विषयानुसार आकडे, म्हणजे वर्गांक, देणाऱ्या ड्यूई पद्धतीत उसाची लागवड 633.61 ला, तिथून चार पुस्तकं येतील. मग म्हणा, कारखान्यात रस गेला की पुढं काय? साखर तयार करण्याचं तंत्र 664.1 ला, दुसऱ्याच कपाटात. कारखाना कुणाचा? सभासदांचा. सहकार 334, तो अर्थशास्त्राच्या बाजूला. ऊसतोड करायला बीडहून येणाऱ्या टोळ्यांचं काय? मजूर आणि मजुरी 331. पाण्याचं वाटप 333.91. आणि या सगळ्यावर मराठीत कादंबरी असेल तर ती 891.463 ला, साहित्याच्या दालनात, जिथं वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आयुष्यात पाऊल टाकत नाही. तुमच्याकडचे वर्गांक थोडे वेगळे असतील, आधी एकदा फिरून बघून ठेवा.

मुलं घामाघूम होऊन परत आली की मग सांगा, विषय एका कपाटात राहत नसतो. वर्गीकरणाचं तत्त्वज्ञान, मेल्विल ड्यूईनं 1876 मध्ये काय केलं वगैरे सांगायचा मोह होईल. आवरा. पाठच करायला लावलेलं ते ज्ञान मला बी.लिब.च्या परीक्षेशिवाय कुठं उपयोगी पडल्याचं आठवत नाही. मुलानं तालिकेत एक चांगलं पुस्तक शोधावं, त्याचा वर्गांक घ्यावा, कपाटाशी जावं आणि त्याच्या डावी-उजवीकडची पाच पुस्तकं चाळावीत, शेवटची संदर्भसूची वाचावी. एवढी सवय लागली तरी खूप झालं.

आता जे मुद्दाम सविस्तर लिहितेय ते यासाठी, की आपल्याकडचं कुठलंच प्रशिक्षण याबद्दल बोलत नाही. मराठीत शोधणं वेगळं असतं. इंग्रजी पुस्तकांतल्या सूचना जशाच्या तशा मुलांना दिल्या की ती अडकतात.

शोधगंगेचं उदाहरण घ्या. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं तिथं मोफत ठेवले आहेत, शिवाजी विद्यापीठाचेही. मुलगी देवनागरीत 'सहकारी साखर कारखाने' टाइप करते, चार-दोन निकाल येतात, ती म्हणते, या विषयावर कामच झालेलं नाही. झालेलं असतं. पण अनेक मराठी प्रबंधांची शीर्षकं तिथं रोमन लिपीत चढवलेली असतात, आणि 'सहकारी'च्या शेवटी कुणी एक आय लावलेला असतो, कुणी दोन ई. 'जिल्ह्यातील'चं रोमन रूप तर ज्याचं त्याचं. म्हणून एकच शब्द देवनागरीत, दोन-तीन रोमन रूपांत आणि शिवाय इंग्रजी प्रतिशब्दानंही शोधायचा. आतला मजकूर शोधून सापडेल ही आशाही धरायची नाही. बरीच पानं स्कॅन केलेली असतात, आणि टाइप केलेली असली तरी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्यातला उतारा कॉपी करून चिकटवून दाखवा. पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली की मुलांना न सांगता कळतं, की संगणकाला ते मराठी दिसतच नाही. तिथं अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनीच वाचावी लागते.

मागं गेलं की शब्दच बदलतात. 1962 मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्याआधीच्या छपाईत 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार आहेत. संस्थानी काळातलं शोधत असाल तर 'कोल्हापूर'बरोबर 'करवीर'ही टाकायला हवं, नाहीतर निम्मी कागदपत्रं निसटतात. यादीच करून घ्या ना मुलांकडून : तुझ्या विषयातल्या मुख्य शब्दाला आजोबा काय म्हणायचे, सरकारी कागदात काय म्हणतात, इंग्रजीत काय, पेपरवाले काय. चपलांवर काम करणारा असेल तर 'कोल्हापुरी चप्पल' टाकून त्याला 2019 चं भौगोलिक मानांकन आणि त्यानंतरच्या बातम्याच मिळतील. 'चर्मोद्योग', 'चर्मकार', 'कातडी कमावणे', 'पायताण' टाकलं की माणसं दिसायला लागतात. ते मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, तेव्हा कन्नडमध्ये काय लिहिलं गेलंय हाही प्रश्न आहेच. निपाणीकडचा एखादा विद्यार्थी वर्गात असेल तर त्याची त्या दिवशी चंगळ.

तिसरा तास चॅटबॉटचा. तुम्ही त्या मुलीवर चिडला असाल. चिडू नका, तिनं तुम्हाला तयार धडा आणून दिलाय. ही यंत्रं पुस्तक आठवून सांगत नाहीत, पुस्तकाच्या नावासारखं दिसणारं वाक्य जुळवतात, म्हणून लेखक खरा, विषय खरा आणि पुस्तक मात्र हवेत असं होतं. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली दोन वकिलांनी असे अस्तित्वात नसलेले खटले न्यायालयात दाखले म्हणून दिले आणि 5,000 डॉलरचा दंड भरला. वकिलांची ही गत, तर एम.ए. भाग एकच्या मुलीला काय बोलायचं?

तिची बारा नावांची यादी तिची ओळख काढून वर्गात वाटा आणि विचारा, यातली खरी कुठली? एक पुस्तक "आपल्याकडे नाही" आणि "जगात नाही" यांत फरक आहे, आणि तो सिद्ध कसा करायचा हेच खरं कौशल्य. आपला ओपॅक, म्हणजे संगणकावरची तालिका, पाहायचा, मग विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाचा, मग इतर मोठ्या ग्रंथालयांचे. जुनं मराठी पुस्तक असेल तर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' काढायची, 1800 ते 1937 मधली मराठी पुस्तकं त्या माणसानं नोंदवून ठेवलीत. बहुतेक पोरांनी ती सूची पाहिलेलीही नसते, जाडजूड खंड हातात घेतला की जरा गप्प होतात. चॅटबॉट वापरू नका असं मात्र सांगू नका. ती वापरणारच. समानार्थी शब्द सुचवायला, प्रश्न बारीक करायला तो बरा आहे. त्यानं दिलेलं नाव कपाटात किंवा सूचीत दिसेपर्यंत वहीत उतरवायचं नाही, एवढा दंडक घाला.

चौथ्या तासाला एकच वाक्य द्या आणि त्याच्या मुळापर्यंत जायला सांगा. कोल्हापुरात याहून चांगलं वाक्य नाही : शाहू महाराजांनी 1902 साली नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या. सगळ्यांना पाठ आहे. आता हे कशावरून? मोबाइलवरच्या पोस्टवरून चरित्राकडे, चरित्रातल्या तळटीपेवरून शिवाजी विद्यापीठानं प्रसिद्ध केलेल्या राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांच्या खंडांकडे, तिथून करवीर सरकारच्या गॅझेटातल्या 26 जुलै 1902 च्या आदेशाकडे. आणि आदेश वाचला की मुलं चमकतात, कारण त्यात 'मागासलेले' म्हणजे कोण हे लिहिलेलं आहे : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. आजच्या अर्थानं वाचलेलं वाक्य आणि त्या दिवशी लिहिलेलं वाक्य एकच नाही, हे त्यांना स्वतः सापडतं. तुम्ही फक्त गप्प बसायचं. मला हे फार कठीण जायचं.

ज्यांना याची गोडी लागेल अशी चार-पाचच पोरं घेऊन एखाद्या शनिवारी करवीर नगर वाचन मंदिरात जा, 1850 पासूनची संस्था आहे. कोल्हापूरच्या पुरालेखागारातही न्या. मोडी लिपी येत नाही म्हणून निम्मे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, आपल्याला बंद आहेत, हे तिथं गेल्यावर जसं कळतं तसं भाषणानं नाही कळत. पूर्ण वर्ग नेऊ नका, सहल होते.

एपीए, एमएलए या संदर्भलेखनाच्या पद्धती पंधरा मिनिटांत उरका, छापील नमुना हातात द्या. आणि "सर, दहा टक्के चालतं" असं कुणीतरी म्हणेलच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, एवढाच त्याचा अर्थ. दहा टक्के चोरायची ती परवानगी नव्हे. संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी 2025 पासून सुरू झालीय, सुमारे 13,000 नियतकालिकं त्यात आहेत, पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. तुमचं महाविद्यालय खासगी अनुदानित असेल तर मुलांना आशा लावण्यापूर्वी यादीत नाव आहे का ते बघा.

विभागप्रमुखांचं काय? त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्याकडे जा आणि म्हणा, "सर, यंदाच्या प्रकल्पांचे विषय मला आधी द्याल का? मुलांसाठी पुस्तकं काढून ठेवतो." नाही कोण म्हणेल? विषय हातात आले की दुसरी मागणी : प्रकल्पाच्या गुणांतले पाच गुण शोधवहीला. कुठं शोधलं, कुठल्या शब्दानं, काय मिळालं नाही, मग काय बदललं, तारखेसह दोन पानं. ती वही चॅटबॉटकडून लिहून घेता येते, ठाऊक आहे, पण "तुला 664.1 ला काय सापडलं?" एवढं तोंडी विचारलं की खरं-खोटं बाहेर येतं. आणि गुण असल्याशिवाय आपली पोरं हलत नाहीत. यात लाजण्यासारखं काही नाही, आपणही हललो नसतो.

आता तुमचा तो प्रश्न. हे माझं काम आहे का?

शियाळी रामामृत रंगनाथन गणित शिकवायचे. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले. पहिलाच नियम, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. वाचक आणि पुस्तक यांची गाठ घालून देणं हे ग्रंथपालाचं मुख्य काम, बाकीची सगळी मांडणी त्यासाठी, असं ते मानत. शिकवणं सोडून ते ग्रंथपाल झाले असं मला कधी वाटलेलं नाही. तुमच्या विभागप्रमुखांना हे ऐकवायला जाऊ नका, उगाच चिघळेल. पण काउंटरच्या मागं उभं राहताना तुम्हाला ठाऊक असू द्या. प्राध्यापक वर्षभर विषय शिकवतात. मूल अडतं तो क्षण मात्र त्यांना दिसत नाही. तो तुमच्या काउंटरवर येतो, मान खाली घालून, "सर, पुस्तक हाय का?" म्हणत. त्या क्षणी शिकवायला जवळपास दुसरं कुणी नसतं.

तुमचा अभ्यासिकेचा हॉल रोज भरलेला असेल, एमपीएससीची पोरं स्वतःच्या नोट्स घेऊन बसलेली. त्यातल्या एकाला तरी सूची दाखवून बघा एखाद्या दुपारी.

आणि सोमवारी त्या तक्रार करणाऱ्या मुलीला निरोप पाठवा. म्हणावं, यादी घेऊन ये, बारातलं जे एक आपल्याकडे निघालं ते मी बाजूला काढून ठेवलंय, त्याच्या शेजारची चारही काढलीत.